साखर निम्मी केली, तर नक्की काय बिघडतं?

दिवाळीच्या आठवडाभर आधी पुण्यातल्या घराघरांत एक ठराव मांडला जातो: यंदा फराळात साखर कमी. तो एकमताने मंजूर होतो, कारण विरोध करायला कोणाला तोंड नसतं. घरातल्या कोणाचा ना कोणाचा रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट नुकताच आलेला असतो. मग शंकरपाळे दातांना दाद देत नाहीत, पाकातले रव्याचे लाडू फुटतात आणि बेसनाचे लाडू मात्र नेहमीपेक्षा बरे लागतात. सगळे म्हणतात, साखर कमी करणं कधी जमतं, कधी फसतं, नशिबाचा भाग आहे. नशिबाचा यात काही संबंध नाही. साखर घरच्या गोडात दोन वेगळी कामं करते, एक जिभेवर आणि एक पातेल्यात. ज्या पदार्थात तिचं काम फक्त जिभेवरचं असतं, तिथे ती बिनधास्त कमी करता येते. जिथे ती पातेल्यात राबत असते, तिथे हात आखडला की पदार्थ हातचा जातो.

आधी जिभेचं बघू. शाळेत आपण जिभेचं चित्र काढायचो, टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू. ते चित्र चुकीचं आहे. चवीच्या पेशी जिभेवर सगळीकडे असतात आणि गोड सगळीकडेच कळतं. मात्र किती गोड कळतं, हे फक्त साखरेच्या वजनावर ठरत नाही. गोडाचा निरोप मेंदूकडे पोचवणाऱ्या साखळीतलं एक प्रथिन उबेत जोमाने काम करतं आणि गारठ्यात मंदावतं. म्हणून तीच साखर गरम शिऱ्यात जास्त गोड लागते आणि फ्रीजमधून काढलेल्या बासुंदीत कमी. आइस्क्रीम वितळलं की ते नकोसं गोड का लागतं, याचं उत्तरही हेच. थंड असताना गोड लागावं म्हणून त्यात साखर मुळात जास्तच घातलेली असते. मस्तानीच्या तळाशी उरलेलं कोमट दूध पिऊन बघा, खात्री पटेल.

यातून स्वयंपाकघरातली एक साधी गोष्ट निघते. थंड वाढायच्या पदार्थाची चव आपण बहुधा तो थंड व्हायच्या आधी बघतो, आणि नंतर "अगोड झालं" म्हणून वरून साखर घालतो. श्रीखंड वाढण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढून ठेवलं, तर ती वरची साखर लागत नाही.

श्रीखंडाचा विषय निघालाच आहे, तर आंबटपणाबद्दल बोलायला हवं. आंबट आणि गोड एकमेकांना दाबतात. आमटीत चिंचेबरोबर गुळाचा खडा पडतो, तो आमटी गोड करायला नाही, चिंचेची धार मोडायला. (बाहेरगावचे लोक पुण्याच्या आमटीला गोड म्हणून नावं ठेवतात, ती आमटी करणाऱ्याचा हात सैल सुटलेला असतो, पद्धतीचा दोष नाही.) श्रीखंडात हेच उलट्या बाजूने होतं. चक्का जितका आंबट, तितकी ती आंबटाई झाकायला साखर जास्त. घरोघरी चक्क्याच्या वजनाच्या पाऊणपट ते बरोबरीने साखर पडते. बाजारच्या श्रीखंडासाठी अन्न नियमांत साखरेची कमाल मर्यादा कोरड्या वजनाच्या ७२.५ टक्के आहे. म्हणजे पाणी वगळून जे उरतं, त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश साखर असली तरी कायद्याने ते श्रीखंडच.

आता ऋतू बघा. गुढीपाडवा येतो मार्च-एप्रिलमध्ये, पुण्याचा पारा चढलेला असताना. विरजण झपाट्याने लागतं, आणि रात्रभर नळाला टांगलेल्या फडक्यातलं दही सकाळपर्यंत आंबटच होत राहतं. सकाळी उठून आपण त्या आंबटपणाची भरपाई साखरेने करतो. दही नीट लागल्या लागल्या फ्रीजमध्ये गार करून, मग फ्रीजमध्येच चाळणीत फडकं पसरून निथळत ठेवलं, तर चक्का गोडसर निघतो आणि साखर निम्म्यावर आणली तरी खाणाऱ्याला कळत नाही. श्रीखंडात साखर कमी करायचा रस्ता साखरेच्या डब्यातून जात नाही, विरजणातून जातो.

वासाचंही तसंच. वेलची, जायफळ, केशर यांना स्वतःची गोड चव नाही. पण आयुष्यभर हे वास आपण गोडाबरोबरच घेतलेले असतात, त्यामुळे वास आला की मेंदू गोडी वाढवून सांगतो. नाक दाबून बासुंदीचा घोट घ्या आणि मग सोडा. वेलची वर्षभरापूर्वी कुटून बरणीत ठेवलेली असेल, तर तिचं काम साखरेला करावं लागतं. चिमूटभर मीठही असंच मदतीला येतं. ते बारीकसा कडवटपणा दाबतं, आणि गुळात तो असतोच. पुरणात, मोदकाच्या सारणात, आमरसात जुन्या बायका मिठाची कणी टाकायच्या, ती उगाच नव्हे.

आणखी एक. जीभ गोडाला चटकन सरावते. लाडू खाल्ल्यावर चहा अगोड लागतो, तेव्हा चहातली साखर कुठे गेलेली नसते. पंगतीत जिलबीबरोबर मठ्ठा देतात. आंबट, खारट, आल्या-कोथिंबिरीचा घोट जीभ धुऊन काढतो आणि पुढची जिलबी पुन्हा पहिल्यासारखी गोड लागते. यजमानाच्या खिशाच्या दृष्टीने बघितलं तर पद्धत घातकच म्हणायची.

आता पातेल्यातलं काम, आणि लेखातला महत्त्वाचा भाग हाच आहे. साखर पाण्याची सावकार आहे. मिळेल तेवढं पाणी ती स्वतःकडे ओढते आणि सहजासहजी सोडत नाही. बाकी सगळं यातूनच निघतं.

शिरा करताना रवा दुधा-पाण्यात पूर्ण फुलल्यावरच साखर घालायची, हे सगळ्यांना माहीत असतं. कारण असं: रव्यातला स्टार्च फुगायला पाणी आणि उष्णता लागते. साखर आधी पडली तर पाणी ती पकडते, स्टार्चला फुगायला जास्त तापमान लागतं आणि रवा कचकचीत राहतो. नारळी भाताचंही तेच. भात कच्चट असताना गूळ पडला तर तांदूळ ताठरतो, मग झाकण ठेवून कितीही वाफ आणा. पुरणाची डाळ बोटाने चेपली की पीठ व्हायला हवी, मगच गूळ. साखर किंवा गूळ पडल्यावर डाळीची पुढची शिजण्याची क्रिया जवळपास थांबते, कारण डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा पदार्थ गोड पाण्यात नीट विरघळत नाही. गूळ घातल्यावर पुरण आधी पातळ होतं तेही याचमुळे. डाळीतलं पाणी गुळाने बाहेर ओढलेलं असतं, आणि ते पुन्हा आटवावं लागतं. चक्क्यात साखर मिसळली की तो सैल पडतो, त्यामागेही हेच.

हे पाणी पकडून ठेवणं टिकण्याच्याही कामी येतं. बुरशीला आणि जिवाणूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. साखरांब्यात किंवा मुरांब्यात साखरेचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास गेलं की त्यांना वापरता येईल असं पाणी उरत नाही, म्हणून कैरी एप्रिलची आणि साखरांबा पुढच्या एप्रिलपर्यंत. पुरणपोळी आणि गूळपोळी शेजारी ठेवा. दोन्हींत गूळ भरपूर. पण पुरणात शिजलेल्या डाळीचं पाणी आहे, ती दीड-दोन दिवसांत आंबते. गूळपोळीच्या सारणात तीळ, भाजलेलं बेसन, तेल आणि गूळ. पाणी नावालाही नाही. म्हणून ती संक्रांतीनंतर आठवडाभर डब्यात सुखाने राहते.

बेसनाच्या लाडवाचं कोडंही इथेच सुटतं. त्यात पाणी नाही, पाक नाही. टिकतो तो कोरडेपणामुळे आणि तुपामुळे, वळला जातो तोही तुपामुळे. पिठीसाखर फक्त जिभेसाठी आहे. एक तृतीयांश कमी करा, खुशाल. पाकातल्या रव्याच्या लाडवात मात्र साखर हाच सिमेंट आहे. पाक गार होताना साखरेचे बारीक स्फटिक तयार होतात आणि रव्याचे कण धरून ठेवतात. पाक कमी पडला की धरायला कोणी नाही.

पाकाबद्दल पुणेकरांना एक सूचना. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही पाण्यात साखर किती दाट झाली हे मोजायची रीत आहे. पाणी जितकं कमी, तितकं उकळण्याचं तापमान वर. एकतारी पाक साधारण १०५ अंश सेल्सिअसला येतो, गोळी पाक ११५ च्या आसपास, आणि त्या वेळी पातेल्यात साधारण ८५ टक्के साखर असते. हल्ली अनेकांकडे थर्मामीटर असतो आणि आकडे व्हिडिओवरून घेतलेले असतात. ते आकडे समुद्रसपाटीचे. पुणं सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. सांगितलेल्या आकड्यातून दोन अंश वजा केले नाहीत, तर मुंबईच्या मापाचा पाक पुण्यात पुढे गेलेला असतो. बोटात तार धरून बघणाऱ्या आजीला ही वजाबाकी कधीच करावी लागली नाही. पाक पुन्हा साखर होऊन बसू नये म्हणून त्यात लिंबू पिळतात. आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो आणि या मिश्रणाला स्फटिक बनायला अवघड जातं.

शंकरपाळ्यात साखर मैद्याला चिवट होऊ देत नाही आणि तळताना रंग देते. ती निम्मी केली तर मोहन वाढवावं लागतं, आणि तरी रंग फिकाच राहतो. अनारशात तर दोन्हीकडून पंचाईत: गूळ कमी पडला तर जाळी पडत नाही, जास्त झाला तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे फुटून पसरतो. त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

"मग गूळ घालूया" हे उत्तर इतक्यांदा ऐकू येतं की गुळाचा हिशेब एकदा स्पष्ट मांडू. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी असतात, शंभर ग्रॅम गुळात सुमारे ३८०. गुळात ६५ ते ८५ टक्के तीच उसाची साखर असते, १०-१५ टक्के फुटलेली साखर, बाकी पाणी, क्षार आणि ते खमंग काळसर द्रव्य, ज्याच्यासाठी गूळ खायचा. लोह असतं, पण ते पुरेसं मिळावं म्हणून जेवढा गूळ खावा लागेल तेवढा खाल्ला तर प्रश्न लोहाचा उरणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशींप्रमाणे वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा यावी, जमल्यास ५ टक्क्यांपेक्षा कमी. २००० कॅलरी खाणाऱ्याला हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. या मोजणीत गूळ आणि मध दोन्ही धरलेले आहेत. गूळ चवीसाठी वापरावा, औषध म्हणून नव्हे, असं माझं मत.

चवीसाठी वापरताना मात्र त्याचे स्वभाव ओळखावे लागतात. गुळात आम्लता आणि क्षार असतात, त्यामुळे तो उकळत्या दुधात टाकला की दूध फाटतं. गव्हल्यांची खीर गुळाची करायची तर गॅस बंद करून, दूध कोमट होऊ देऊन मग गूळ. नारळाच्या दुधात फाटणारं ते प्रथिन नसतंच, म्हणून कोकणातल्या गोडात गूळ आणि नारळाचं दूध सुखाने नांदतात. चिक्कीचा गूळ वेगळा. त्याचा पाक थंड झाल्यावर कडक होतो, चिक्कीला तेच हवं असतं, पण तो गूळपोळीत घातला तर पोळी दुसऱ्या दिवशी मोडावी लागते.

शिवाय गूळ ऋतूप्रमाणे बदलतो. त्यातली फुटलेली साखर हवेतली ओल शोषते. पावसाळ्यात ढेप पाझरते, हाताला चिकटते. भाद्रपदात मोदकाचं सारण सैल का झालं म्हणून आपण नारळाला दोष देतो; खरं तर वाटीभर गुळात त्या दिवसांत पाणीच जास्त आलेलं असतं. गूळ वाढवू नका, सारण दोन मिनिटं जास्त परता.

थंडीतला गूळ खरोखरच चांगला असतो, आणि त्याचं कारण उसात आहे. हवा कोरडी आणि रात्री गार झाल्या की उसाची वाढ मंदावते आणि पानांनी बनवलेली साखर वाढीत खर्च न होता कांड्यांत साठत जाते. दौंडकडची गुऱ्हाळं आणि कोल्हापूरचा गूळ त्या दिवसांत भरात असतात. संक्रांत जानेवारीत येते आणि ताजा गूळ, नवे तीळ नेमके तेव्हाच हाताशी असतात.

त्याच सुमाराला पुण्याबाहेरच्या शेतांत हुरडा सुरू होतो. गुळभेंडी ज्वारीचा कोवळा दाणा गोड लागतो, कारण त्यात साखर अजून साखरच आहे. दाणा पक्व होईल तसा तिचा स्टार्च बनतो, गोडी जाते आणि ज्वारी उरते. म्हणून हुरड्याला मोजकेच दिवस. आंब्यात हेच उलट चालतं: झाडावरून उतरवलेल्या कैरीत स्टार्च असतो, आढीत पिकताना त्याची साखर होते आणि आंबटपणा उतरतो. पिकलेल्या आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात साधारण १४ ग्रॅम साखर असते, म्हणून पूर्ण पिकलेल्या हापूसच्या रसात वरून साखर घालणं मला गुन्हा वाटतो. ती घालावी लागते, कारण आपण मार्केट यार्डातून पेटी आणतो आणि न पिकलेले आंबे फ्रीजमध्ये टाकतो. १२-१३ अंशांच्या खाली आंब्याचं पिकणं बिघडतं, नंतर बाहेर काढूनही पूर्ण गोडी येत नाही. आधी बाहेर पिकवा, मग गार करा.

रताळ्याचा गोडवा तर शिजवण्याच्या वेगावर ठरतो. त्यात स्टार्च फोडणारं एन्झाइम असतं, ते साधारण ६० ते ७५ अंशांत काम करतं. कुकर हा टप्पा काही मिनिटांत ओलांडून जातो. निखाऱ्यावर किंवा मंद आचेवर भाजलं तर एन्झाइमला वेळ मिळतो आणि तेच रताळं गुळाविना गोड लागतं. महाशिवरात्रीला करून बघण्यासारखं आहे. सीताफळाला उलट आच अजिबात सोसत नाही. गर तापला की कडवट होतो. पुरंदरची सीताफळं आली की बासुंदी आटवून पूर्ण गार करा आणि मगच गर मिसळा. गराची स्वतःची साखर धरली, तर बासुंदीत फार थोडी लागते. दूध आटवून त्यातली लॅक्टोज, म्हणजे दुधाची स्वतःची साखर, दाट होते खरी, पण ती उसाच्या साखरेच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकीच गोड असते, तिच्या भरवशावर राहता येत नाही.

उन्हाळ्यात मात्र सावध राहायला हवं, कारण थंड आणि आंबट दोन्ही एकत्र येतात आणि दोन्ही गोडी लपवतात. रसवंतीतल्या उसाच्या रसात १३ ते १५ टक्के साखर असते. पाव लिटरच्या ग्लासात तीस ग्रॅमहून जास्त झाली. लिंबू, आलं आणि बर्फ यांच्यामुळे ती जाणवत नाही इतकंच. पन्ह्याचंही तसंच, तिथे निदान हात आपला असतो. कैरी उकडून गर गोड करण्याआधी जरा जास्त मीठ आणि वेलची घालून बघा, गूळ आपोआप कमी लागतो.

थोडक्यात कुठे कात्री चालवावी? बेसनाचे लाडू, खीर, बासुंदी, आमरस, मसाला दूध, गार चक्क्याचं श्रीखंड, इथे चालवा. शिऱ्यात चालते, पण साखर कमी केलेला शिरा दुसऱ्या दिवशी कोरडा आणि घट्ट होतो, कारण ओल धरून ठेवणारी साखरच कमी. तो गरम असतानाच संपवावा. मोदकाच्या सारणात थोडीच. पाक, चिक्की, अनारसे, साखरांबा यांना हात लावू नका. त्याऐवजी आकार लहान करा, हे सगळ्यात सोपं असूनही पुण्यात कमीपणाचं मानलं जातं. कमी साखरेचा साखरांबा हवाच असेल, तर एक छोटी बरणी करा, फ्रीजमध्ये ठेवा, कोरडा चमचा वापरा आणि दोन आठवड्यांत संपवा.